पैसे भरण्याआधी एवढं ऐक

पियू,

काल रात्री साडेअकराला आलेले तुझे सात मेसेज आज सकाळी पोळ्या लाटता लाटता वाचले. तीन लिंका, दोन स्क्रीनशॉट, एक ‘ताई, घेऊ का??’ आणि शेवटी नुसताच नाचणारा बाहुला. म्हणजे बोनस झाला. फोनच केला असता, पण फोनवर तू ‘हो गं, हो गं’ करतेस आणि ऐकत काहीच नाहीस. म्हणून लिहिते. हे वाचून होईपर्यंत ते यंत्र कार्टमध्येच बसू दे, पळून नाही जात.

आईचं मी बघते. ‘तेवढ्यात कानातलं झालं असतं’ हे ती म्हणणारच, माझ्या वेळीही म्हणाली होती. आता मी माहेरी निघाले की तीच विचारते, तुझं ते खेळणं चार्ज केलंस का म्हणून.

तू विचारलंस, ‘यातलं कुठलं चांगलं?’ आणि लिंकांमध्ये काय, तर प्रोसेसर, रॅम, पडद्याचे हर्ट्झ. अगं, हातात धरून खेळायची ही सगळी हँडहेल्ड यंत्रं आतून एकमेकांची चुलत भावंडं आहेत. बहुतेकांत एएमडीचीच चिप, सगळ्यांना दोन बाजूंना दोन काड्या, पाठीमागे पंखा. एक जरा जाड, एक जरा गोरी, एवढाच फरक. खरा फरक पडतो तो आत राहायला कोण आहे त्याने: विंडोज की स्टीमओएस. हे आधी ठरव. यंत्र आपोआप ठरेल.

आणि ते ठरवायचं कसं, तर स्वतःला विचार, तुला खेळायला वेळ मिळतो तो कसा? सलग तीन तास, की तुकड्यातुकड्यांनी?

माझं सांगते. मुक्ताचा नाचाचा क्लास पाऊण तास चालतो. खाली जिन्याशी एक बाक आहे, त्यावर आम्ही पाच-सहा आया. एक जण मटार सोलते, एक जण ऑफिसच्या कॉलवर असते, मी पिशवीतून माझं यंत्र काढते. बटण दाबलं की दोन-तीन सेकंदांत मी परवा जिथे उभी होते तिथेच, राक्षसाच्या समोर, तलवार उगारलेली. क्लास सुटला, जिन्यावर घुंगरांचा आवाज आला, की परत तेच बटण. खेळ सेव्ह केला का, बंद केला का, काही नाही. कुकरची शिट्टी होताना गॅस बारीक करावा इतकं साधं. पाच दिवसांनी पुन्हा बटण दाबलं तर राक्षस तिथेच. हे स्टीमओएस करतं, आणि माझ्यासारखीचा निम्मा निकाल इथेच लागतो.

विंडोजची झोप तशी गाढ नाही. लॅपटॉपवाल्यांची ही जुनी तक्रार तू ऑफिसमध्ये ऐकली असशीलच: झाकण मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप मध्येच जागा होतो, गरम होतो आणि बाहेर काढावा तर बॅटरी तळाला. त्यामागे कारण आहे. हल्लीच्या विंडोजची झोप फोनसारखी ठेवलीय, म्हणजे पडदा काळा पण आत थोडी जाग, मेल यावी, अपडेट उतरावं म्हणून. टेबलावरच्या लॅपटॉपला चालून जातं. कंपनीच्या बसमध्ये हिंजवडी येईस्तोवर खेळायचं, शिफ्टभर बॅगेत ठेवायचं आणि परतताना पुन्हा काढायचं, यात ती जाग नडते.

दुसरं पडद्याचं. विंडोज माउस धरणाऱ्या माणसासाठी घडलेलं. सात इंची पडद्यावर कोपऱ्यातली ती फुली बोटाने दाबून बघ. तीनदा शेजारचंच दाबलं जातं, मग कीबोर्ड उगवतो आणि निम्मा पडदा खातो. बनवणाऱ्यांनाही ते कळलंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये आसूस आणि मायक्रोसॉफ्टने मिळून आरओजी एक्सबॉक्स अलाय आणलं, त्यात यंत्र चालू केलं की डेस्कटॉपऐवजी थेट खेळांचा पूर्ण पडदा येतो. मागे उगाच चालणाऱ्या बऱ्याच गोष्टी तेव्हा उठवतच नाहीत, त्यामुळे रॅमही थोडी मोकळी राहते. सुधारणा खरीच आहे, नाही म्हणणार नाही. पण खालचं घर तेच, दर्शनी भिंतीला नवा रंग. एखादा लाँचर मध्येच खिडकी उघडून पासवर्ड मागतो, की आलंच ते इवलंसं डेस्कटॉप.

आता तू म्हणशील, पण माझे खेळ तर विंडोजचे आहेत. बरोबर. आणि स्टीमओएस म्हणजे लिनक्स. मग ते चालतात कसे?

ही गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा लांबवते. स्टीम हे खेळांचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीचा गेब न्यूएल पूर्वी मायक्रोसॉफ्टमध्येच तेरा वर्षं होता. विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टने स्वतःचं दुकान आणलं, आणि याच्या पोटात गोळा आला: आपलं स्टीम हे दुसऱ्याच्या अंगणात मांडलेलं दुकान आहे, उद्या फाटक बंद केलं तर? म्हणून २०१३ मध्ये त्यांनी पहिलं स्टीमओएस काढलं, २०१५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांकरवी स्टीम मशीन नावाची यंत्रं विकायला ठेवली, आणि ती सपशेल आपटली. लिनक्सवर खेळच नव्हते ना! खेळ बनवणारे म्हणत, गिऱ्हाईक नाही तर आम्ही कशाला बनवू. गिऱ्हाईक म्हणे, खेळ नाहीत तर आम्ही कशाला घेऊ.

मग त्यांनी खेळवाल्यांच्या विनवण्या सोडल्या आणि दुभाष्या ठेवला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये प्रोटॉन आलं. खेळ त्याच्या विंडोजच्या भाषेत बोलत राहतो: ‘इथे सावली पाड, हा आवाज काढ, ही फाइल उघड.’ प्रोटॉन ते जागच्या जागी लिनक्सच्या भाषेत सांगतं. खेळाला पत्ताच नसतो की आपण परमुलखात आहोत. २५ फेब्रुवारी २०२२ ला व्हॉल्वचं स्वतःचं हँडहेल्ड, स्टीम डेक, बाहेर पडलं ते या दुभाष्याच्या जिवावर. आणि गंमत म्हणजे, मध्ये दुभाष्या असूनही पुष्कळदा खेळ इकडेच जास्त पळतात. लेनोव्होचं लिजन गो एस दोन्ही ओएसवर चालतं. आर्स टेक्निकाने २०२५ मध्ये त्याच एका यंत्रावर दोन्ही आलटून पालटून लावून पाहिल्या, तर बहुतेक खेळ स्टीमओएसवर वेगात होते.

एका जागी मात्र दुभाष्याचं काही चालत नाही. ऑनलाइन खेळांत लबाडी पकडायला पहारेकरी असतो, अँटी-चीट. काही पहारेकरी दाराशी बसतात, त्यांचं इकडेही जमतं. काहींना थेट देवघरात, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसायचं असतं. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड त्यातला. तो लिनक्सवर पाऊलच ठेवत नाही. फोर्टनाइट नाही, कॉल ऑफ ड्यूटी नाही. जीटीए ऑनलाइन चालायचं, ते २०२४ च्या सप्टेंबरात बंद पडलं. एपेक्स लेजंड्स पुढच्याच महिन्याच्या अखेरीस. म्हणजे आज चालतंय ते उद्या चालेलच असंही नाही, खेळवाल्यांच्या मर्जीवर आहे.

‘मग झालं की, मला विंडोजच हवं, मी व्हॅलोरंट खेळते!’ ऐकू आलं मला इथपर्यंत.

थांब. व्हॅलोरंट तू कशावर खेळतेस? टेबलावर, माउस घेऊन, कानाला तो मोठा हेडफोन लावून, दार लावून. कॉम्प्युटरवरचं व्हॅलोरंट काड्याबटणांनी खेळताच येत नाही, त्यात कंट्रोलरची सोयच नाही. म्हणजे ज्या खेळासाठी तू विंडोज मागतेयस तो या यंत्रावर तू खेळणारच नाहीस. तो लॅपटॉपवर आहे आणि लॅपटॉप कुठे जात नाही. आपण काय करतो, आपल्याकडे जेवढे खेळ आहेत ते सगळे नव्या यंत्रावर चाललेच पाहिजेत असं धरून बसतो. प्रवासाची बॅग भरताना पैठणी भरतो का?

तेव्हा एक कर. गेल्या तीन महिन्यांत खरोखर उघडलेल्या खेळांची नावं कागदावर लिही. विकत घेऊन ठेवलेल्यांची नाही, सेलमधल्या त्या ढिगाची तर नाहीच. त्यातून टेबलावरचे खोड. राहिलेल्यांपुढे स्टीमवर काय खूण आहे ते बघ: हिरवी बरोबरची खूण म्हणजे निर्धास्त, पिवळी म्हणजे कुठे अक्षर बारीक दिसेल नाहीतर एकदा कीबोर्ड काढावा लागेल, आणि ‘अनसपोर्टेड’ म्हणजे काय ते कळतंच. पिवळीला घाबरू नकोस, माझे निम्मे लाडके खेळ पिवळे आहेत. खूण नसलेल्यांसाठी प्रोटॉनडीबी बघ, तिथे खेळणाऱ्यांनीच लिहून ठेवलेलं असतं कुठला खेळ कसा चालतो ते.

तुझी यादी मला साधारण माहीत आहे. हेडीस, स्टारड्यू व्हॅली, एल्डन रिंग सुरू करून सोडलेलं. तिन्ही इकडे झकास चालतात. त्यात आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्सवाल्यांचं राजी घाल, माझ्याखातर. २०२० चा खेळ आहे. मोठी बहीण धाकट्या भावाला राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघते. गोलू त्याचं नाव. खेळताना मला सारखी तू आठवत होतीस, जत्रेत हरवली होतीस तेव्हाची.

आता विंडोजच्या बाजूनेही बोलते, नाहीतर म्हणशील ताईने आधीच ठरवलेलं. दोन गोष्टी तुझ्या घरात खरंच विंडोजच्या बाजूच्या आहेत. एक म्हणजे निखिलचं फुटबॉल. ईए एफसीच्या गेल्या काही वर्षांच्या आवृत्त्यांना ईएचा स्वतःचा पहारेकरी आहे, तोही देवघरवाला. निखिल यंत्र मागणारच, आणि त्याला त्यावर फुटबॉलच हवं असणार. दुसरी गोष्ट गेम पास, ती मायक्रोसॉफ्टची खेळांची वर्गणी. त्यातले खेळ उतरवून खेळायचे तर विंडोजच लागतं. तू महिन्याला पैसे भरतेस, पण मला सांग, दिवाळीपासून त्यातलं काय उघडलंस? खरं सांग. ते तुझ्या जिममेंबरशिपसारखं असेल तर सोड. निखिलशी मात्र आधी बोलून घे. यंत्र दोघांचं असेल तर विंडोज ठेवा आणि त्याच्या कुरबुरी सहन करा, त्यात कमीपणा नाही. यंत्र तुझं असेल तर तसं त्याला विकत घेण्याआधी सांग, नंतर नाही.

समजा, तुझं ठरलं. आता घ्यायचं काय? इथे आपल्याकडे एक मेख आहे. स्टीम डेक व्हॉल्व भारतात अधिकृतपणे विकत नाही. दुकानांत दिसतं ते कुणीतरी बाहेरून आणलेलं. तुझी तिसरी लिंक तीच होती. माझं पहिलं यंत्र मी असंच लॅमिंग्टन रोडवर घेतलं होतं, कुठल्या कंपनीचं आणि कुठल्या दुकानातून ते जाऊ दे. बिलावर ‘एक वर्ष वॉरंटी’ असा रबरी शिक्का. आठव्या महिन्यात उजवीकडचं एक बटण रुतायला लागलं, तर दुकानदार म्हणाला, “ताई, शिक्का आमचा आहे, माल इंपोर्टेड आहे.” या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. बटण मी शेवटी पदरचे पैसे घालून एका मोबाइलवाल्याकडून बसवून घेतलं.

म्हणून तुला सांगते, इथली पक्की वॉरंटी असलेलंच घे. आसूसचं आरओजी अलाय २०२३ च्या जुलैत भारतात आलं तेव्हा ६९,९९० रुपये होतं, त्यानंतर बरीच भावंडं आली. ती विंडोज घेऊनच येतात. येऊ देत. नंतर ते काढता येतं. २०२५ च्या मेमध्ये व्हॉल्वने स्टीमओएस लिजन गो एससाठी अधिकृतपणे खुलं केलं आणि अलायसारख्या इतर एएमडीच्या यंत्रांसाठीही बरंच सोयीचं करून दिलं. याशिवाय बझाइट नावाचं एक आहे, हौशी मंडळींनी फेडोरावर उभं केलेलं. दिसायला-वागायला थेट स्टीमओएस आणि अलायशी त्याचं छान जमतं. इंटेलची चिप असलेलं मात्र घेऊ नकोस, निदान या कामासाठी तरी. विकत घेताना डब्यावर एवढं एक वाचच.

पण आल्या दिवशी स्टीमओएस बसवायला पेनड्राइव्ह घेऊन बसू नकोस हं. दोन आठवडे विंडोजवरच वापर. बटणं, काड्या, पंखा, स्पीकर, चार्जिंग सगळं तपासून घे. काही खोट निघाली तर आणलं तसं परत देता आलं पाहिजे. बायोसची अपडेटं असतील तीही तेव्हाच करून टाक, विंडोजमधून ते सोपं जातं.

आणि मी केलेली चूक करू नकोस. विंडोज ११ बरेचदा आपल्याला न विचारता डिस्कला कुलूप लावून ठेवतं, बिटलॉकरचं. स्टीमओएससाठी बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करावं लागतं. मी ऐटीत बंद केलं, मग मन बदललं, म्हटलं आधी विंडोजमधून एक फाइल काढून घेऊ. तर समोर निळा पडदा, ४८ आकडी किल्ली घाला. कुठली किल्ली? ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते, आणि ते खातं मी काढलं होतं मुक्ताच्या ऑनलाइन शाळेसाठी, पासवर्ड तिच्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर. वही रद्दीत. साठ तासांचा एक खेळ त्या डिस्कवर होता, क्लाउडवर न जाणारा. गेला. दोष माझाच, दुसऱ्या कुणाचा नाही. तू किल्ली आधी कागदावर उतरव, खेळांच्या सेव्ह फाइली काढून ठेव, मगच हात घाल. व्हॉल्वचं स्टीमओएस बसवताना सगळी डिस्क पुसली जाते हेही लक्षात असू दे. दोन्ही ओएस शेजारी शेजारी ठेवता येतात, बझाइटने तर जमतंच, पण एका म्यानात दोन तलवारी ठेवल्या की मधूनमधून खणखणाट होतो. विंडोजचं मोठं अपडेट आलं की चालू होताना कोण आधी उठणार यावरून भांडण लागतं. निखिलच्या फुटबॉलसाठी तेवढं सोसायची तयारी असेल तर कर.

बॅटरीचं एकच गणित सांगते, मग आवरते. बॅटरी वॉट-तासांत मोजतात. ओलेड पडद्याच्या स्टीम डेकची ५०, पहिल्या अलायची ४०, अलाय एक्सची ८०. यंत्र एकूण १० वॉट पीत असेल तर ५० ची बॅटरी पाच तास जाते, २५ वॉट पीत असेल तर दोन. किती प्यायचं ते तुझ्या हातात आहे. स्टीमओएसमध्ये एका बटणाने बाजूचा पट्टा उघडतो, तिथे वॉटची मर्यादा घालता येते, तीही प्रत्येक खेळाला वेगळी. स्टारड्यूसारख्या खेळाला मी इतकं कमी ठेवते की पंख्याचा आवाजही येत नाही. मोठ्या खेळाला सेकंदाला चाळीस चित्रं. साठचा हट्ट सोड, सात इंचांवर तुला कळणारही नाही. माझं ऐकायचं नसेल तर एकदा दोन्ही लावून बघ, आणि घड्याळाकडेही बघ.

खंडाळ्याच्या बोगद्यात नेटवर्क जातं, म्हणून घरून निघण्याआधी प्रत्येक खेळ एकदा उघडून ठेव आणि स्टीम ऑफलाइन करून ठेव. हे मला डेक्कन क्वीनमध्ये कळलं, कर्जत ते लोणावळा काळ्या पडद्याकडे बघत.

मला विचारशील तर, तुकड्यातुकड्यांनी खेळणाऱ्या तुझ्यासारखीला स्टीमओएस, नाहीतर बझाइट. निखिल भागीदार असेल तर विंडोज. गेम पासमुळे ठरवू नकोस आणि व्हॅलोरंटमुळे तर मुळीच नको.

शनिवारी जेवायला या दोघं. पिठलं-भात आहे, वेगळं काही नाही. माझ्या यंत्रावर तुझ्या खात्याने लॉगिन कर आणि तुझे खेळ तुझ्या हाताने चालवून बघ, निखिललाही बघू दे. येताना फोन चार्ज करून आण, स्टीम कोड त्याच्यावर पाठवतं. आणि स्टीमचा पासवर्ड आठवून ठेव, मागच्या वेळेसारखा अर्धा तास त्यात घालवायचा नाही.

— ताई